घटक ६ : अभ्यास आणि स्वतःचा उद्योग – वेळेचा हिशेब

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला आपल्या उद्योगाचे आणि पदवी-अभ्यासाचे वेळापत्रक श्रेयांकांच्या आधारे मांडता येईल. वेळेविषयी आपण ज्या वाक्यांत बोलतो त्यांची रचना तपासता येईल. व्यवसायातील रोजच्या मजकुराचा व्यावहारिक मराठीच्या अभ्यासासाठी उपयोग करता येईल. आणि एखाद्या सत्रापुरते थांबायचे की नाही, हे कशाच्या आधारे ठरवावे याचा विचार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली. दूरशिक्षणाचा विद्यार्थी म्हटला की त्या काळात नोकरी सांभाळून शिकणारा कर्मचारी किंवा संसारातून वेळ काढणारी गृहिणी डोळ्यांसमोर येई. आजही हे विद्यार्थी आहेतच. परंतु संपर्कसत्राला येणाऱ्यांत आता मसाले आणि लोणची करून विकणारी, मोबाईल दुरुस्तीचे दुकान थाटलेला, रोपवाटिका चालवणारा, लग्नसमारंभाच्या सजावटीची कामे घेणारी अशी मंडळीही असतात. त्यांच्याकडे ठरावीक कामाची वेळ नसते, रविवारची हक्काची सुट्टी नसते आणि रजेचा अर्ज द्यायला वरिष्ठही नसतात. हा घटक प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे.

प्रथम संज्ञेविषयी थोडे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना जाहीर केली आणि ‘स्टार्टअप’ हा शब्द गावोगावच्या मराठीत रुळला. मात्र २०१९ च्या अधिसूचनेनुसार स्टार्टअप म्हणून सरकारी मान्यता मिळण्यासाठी उद्योग हा खासगी मर्यादित कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी किंवा नोंदणीकृत भागीदारी या स्वरूपाचा असावा लागे. एकट्याच्या मालकीचे दुकान या व्याख्येत बसत नव्हते. अशा लहान उद्योगासाठी ‘उद्यम’ ही नोंदणी आहे. ती १ जुलै २०२० पासून सुरू झाली आणि तिला शुल्क नाही. तुमच्यापैकी बहुतेकांचा उद्योग कागदोपत्री स्टार्टअप नसेल, तरी त्याच्या अडचणी त्याच आहेत : भांडवल अपुरे, माणसे कमी आणि प्रत्येक कामाला मालकच हजर. म्हणून या घटकात ‘नवउद्योग’ हा व्यापक शब्द वापरला आहे. (‘उद्योग’ या शब्दाला मराठीत एक दुसरी छटाही आहे. ‘हे नसते उद्योग कुणी सांगितले होते?’ हा प्रश्न नव्या व्यावसायिकाला घरातून बहुधा पहिल्याच वर्षी ऐकावा लागतो. पदवीला प्रवेश घेतल्यावर तो दुसऱ्यांदा ऐकावा लागतो.)

६.२ ‘वेळ मिळाला नाही’ या वाक्याचे व्याकरण

संपर्कसत्राच्या आरंभी मी विद्यार्थ्यांना गेल्या आठवड्यात काय केले ते विचारतो आणि उत्तरे फळ्यावर जशीच्या तशी लिहितो. व्यवसायाविषयीची उत्तरे साधारण अशी येतात : ‘मी चाळीस डब्यांची ऑर्डर पूर्ण केली.’ ‘मी नवीन मशीन आणले.’ ‘आम्ही भाव वाढवला.’ अभ्यासाविषयीची उत्तरे निराळी असतात : ‘मला वेळ मिळाला नाही.’ ‘वाचन झाले नाही.’ ‘पुस्तक उघडायला जमलेच नाही.’

या दोन गटांतील फरक व्याकरणाच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ‘मी ऑर्डर पूर्ण केली’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद ‘ऑर्डर’ या स्त्रीलिंगी कर्माप्रमाणे चालते. तरीही काम करणारा ‘मी’ वाक्यात कर्ता म्हणून उपस्थित आहे. ‘मला वेळ मिळाला नाही’ या वाक्यात क्रियापद ‘वेळ’ या पदाशी जुळते. ‘वेळ’च्या जागी ‘संधी’ ठेवली तर ‘मिळाला’चे ‘मिळाली’ होते. म्हणजे परंपरागत विश्लेषणानुसार येथे कर्ता ‘वेळ’ आहे आणि बोलणारी व्यक्ती चतुर्थीत, घेणाऱ्याच्या जागी उभी आहे. ‘वाचन झाले नाही’ या वाक्यातून तर व्यक्ती पूर्णपणे नाहीशी झाली आहे.

चतुर्थीतील अनुभव घेणाऱ्याची ही रचना केवळ मराठीची नाही. हिंदी, कन्नड, तमिळ अशा वेगवेगळ्या कुळांतील भारतीय भाषांत ती आढळते. ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला आठवले’ अशी जी गोष्ट आपल्या इच्छेवर अवलंबून नाही, ती सांगण्यासाठी आपण ही रचना वापरतो. अभ्यासासाठीचा वेळ आपण नकळत भूक आणि ताप यांच्या रांगेत बसवतो, आणि व्यवसायाचा वेळ मात्र ‘मी केले’ या रांगेत ठेवतो.

यावरून ‘विद्यार्थी सबबी सांगतात’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. मीही पूर्वी ती केली होती. चतुर्थीतील हे वाक्य पुष्कळदा खरे असते. भट्टीवर कैरीचा पाक असताना किंवा टेम्पोवाला दारात हॉर्न वाजवत असताना वेळ खरोखरच मिळत नाही. व्यवसायाचे काम दुसऱ्या माणसाच्या तोंडून येते. त्याला आवाज असतो, मुदत असते आणि चुकले तर त्याच दिवशी पैसे बुडतात. गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहते. पाठ्यपुस्तक उभे राहत नाही. अभ्यास चुकल्याचे नुकसान सहा महिन्यांनी गुणपत्रिकेवर दिसते. ज्याचे नुकसान उशिरा दिसते त्या कामाला आवाज द्यावा लागतो, आणि पुढचे विवेचन त्याच हेतूने केले आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

(अ) पुढील वाक्यांतील कर्ता ओळखा आणि क्रियापद कोणत्या पदाशी जुळते ते सांगा : ‘मला हा पाठ समजला.’ ‘मी हा पाठ समजून घेतला.’ ‘माझ्याकडून गृहपाठ राहिला.’
(आ) गेल्या आठवड्यातील अभ्यासाविषयी पाच वाक्ये लिहा. त्यांपैकी किती वाक्यांत तुम्ही स्वतः कर्त्याच्या जागी आहात?

६.३ श्रेयांक, तास आणि हंगाम

मुक्त शिक्षणपद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सर्वसाधारणपणे ३० तासांचा अभ्यास. या तासांत पुस्तकाचे वाचन, गृहपाठ, संपर्कसत्र आणि परीक्षेची तयारी हे सर्व येते. म्हणजे ४ श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमाला १२० तास लागतात. प्रवेशअर्ज भरताना श्रेयांकाचा आकडा सर्वजण पाहतात. त्याचे तासांत रूपांतर फार थोडे करतात. कापड किती मीटर लागेल हे न मोजता शिवणाची ऑर्डर घेणारा शिंपी आपल्याला भेटत नाही.

समजा, तुम्ही एका सत्रात ४ श्रेयांकांचे तीन अभ्यासक्रम घेतले आणि हाताशी २४ आठवडे आहेत. एकूण ३६० तास, म्हणजे आठवड्याला १५. सोमवार ते शनिवार रोज दीड तास आणि रविवारी सहा तास असे ते भरतात. कागदावर हे जमण्यासारखे दिसते. परंतु नवउद्योगाचे २४ आठवडे एकसारखे नसतात. लोणची करणारीला एप्रिल ते जून उसंत नसते. फराळाची कामे घेणाऱ्यांचे दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे जातात. शिलाई करणाऱ्यांना लग्नसराई आणि लगेच जूनमधले शाळेचे गणवेश. रोपवाटिकेला पावसाची सुरुवात. आणि परीक्षाही पुष्कळदा याच सुमारास येतात.

म्हणून आता सहा आठवडे हंगामाचे धरा आणि त्यांत आठवड्याला चारच तास होतील असे माना. ते २४ तास झाले. उरलेले ३३६ तास १८ आठवड्यांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला जवळजवळ १९. एकटीने उद्योग चालवणाऱ्या व्यक्तीला हे झेपण्याची शक्यता कमी आहे. त्याऐवजी दोनच अभ्यासक्रम घेतले तर एकूण २४० तास. हंगामातले २४ वजा जाता २१६ उरतात आणि १८ आठवड्यांत आठवड्याला १२ तास पुरतात. पदवी थोडी लांबेल. पण तिसऱ्या अभ्यासक्रमाचे परीक्षाशुल्क भरून परीक्षेला न बसणे, आणि त्या अपयशाचे सावट उरलेल्या दोन विषयांवर पडू देणे, यापेक्षा हा हिशेब शहाणपणाचा आहे. नियमांनुसार किती अभ्यासक्रम कमी घेता येतात, हे प्रवेशाच्या वेळीच अभ्यासकेंद्रावर विचारून घ्या.

६.४ रोजकीर्द आणि खतावणी

मराठी हिशेबपद्धतीत दोन वह्या असतात. ज्या दिवशी व्यवहार झाला त्याच दिवशी त्याची नोंद होते ती रोजकीर्द. नंतर त्याच नोंदी खातेवार उतरवल्या जातात ती खतावणी. तुमच्यापैकी अनेकजण मोबाईलमधल्या अ‍ॅपवर हिशेब ठेवत असतील, तरी तत्त्व तेच आहे. अभ्यासासाठीही हीच पद्धत मी सुचवतो.

रात्री दुकानाचा हिशेब मिटवताना अभ्यासाची एक ओळ लिहा : किती वाजता बसलात, कोणता घटक, किती पाने. नोंद ‘मी’ने सुरू करा आणि क्रियापद भूतकाळात ठेवा : ‘मी ध्वनिविचारातील आठ पाने वाचली.’ ‘वाचन झाले’ असे लिहू नका. ही निव्वळ शब्दांची कसरत वाटेल. पण ‘मी’ने सुरू होणारे वाक्य न केलेल्या कामाविषयी लिहिताना हात अडखळतो, आणि तो अडखळावा हाच उद्देश आहे. आठवड्याच्या शेवटी विषयवार खतावणी करा. आवडत्या विषयाच्या खात्यात तास साचलेले आणि व्याकरणाचे पान कोरे, असे चित्र बहुतेकांना पहिल्याच महिन्यात दिसते.

यातील सर्वांत महत्त्वाचे खाते उधारीचे. अभ्यासाचा ठरलेला तास व्यवसायाने घेतला तर तो ‘गेला’ असे समजू नका. व्यवसायाच्या नावे उधार मांडा. कोणत्याही दुकानदाराला ठाऊक असते की न लिहिलेली उधारी वसूल होत नाही. ती वसूल करण्याची जागाही आधीच ठरवा : मंदीचा वार, वीज नसलेली दुपार, बाजार बंद असलेला दिवस. एका महिन्यात उधारी २० तासांच्या पुढे गेली, तर वेळापत्रकात चूक आहे असे समजून ते बदला. स्वतःला दोष देऊन तास परत येत नाहीत.

‘अभ्यास’ या शब्दाचा संस्कृत व्याकरणातील अर्थ येथे उपयोगी पडतो. पाणिनीने ही पारिभाषिक संज्ञा म्हणून वापरली आहे. ‘ददाति’ या रूपात धातूचे द्वित्व होते. त्यांतील पहिल्या भागाला ‘अभ्यास’ म्हणतात. व्यवहारातही पुन्हा पुन्हा करणे हाच या शब्दाचा गाभा आहे. एका बैठकीत सहा तास वाचलेले आणि मग पंधरा दिवस न उघडलेले पुस्तक हा त्या अर्थाने अभ्यास होत नाही. रोजची ४० मिनिटे सलग मिळाली तरी चालतील. मात्र बैठक संपवताना एखादा घटक पूर्ण करून उठण्याऐवजी पुढच्या परिच्छेदाची पहिली दोन वाक्ये वाचून उठा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करायची हा विचार करण्यात दहा मिनिटे जात नाहीत.

ही ४० मिनिटे मोबाईलपासून वाचवावी लागतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसाय-आवृत्तीत अनुपस्थितीचा संदेश आपोआप पाठवण्याची सोय आहे. तो संदेश स्वतः मराठीत लिहा. ‘सध्या उपलब्ध नाही’ हे उत्तर कोरडे आहे. ‘नमस्कार. आपला निरोप मिळाला. सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत उत्तर देता येत नाही. नऊनंतर मी स्वतः फोन करते’ यात गिऱ्हाइकाला आश्वासन आहे आणि वेळेची मर्यादाही आहे. असे चार ओळींचे लेखन हाही या अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

६.५ दुकानातील मजकूर

येथवर व्यवसाय आणि अभ्यास हे एकमेकांचा वेळ खाणारे प्रतिस्पर्धी मानले. मराठीच्या विद्यार्थ्याला एक सवलत आहे, जी रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहसा नसते : त्याच्या व्यवसायातला प्रत्येक कागद हा त्याच्या विषयाचा मजकूर आहे.

नामफलक घ्या. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा अधिनियम आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला आणि मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत असे ठरले. फलक रंगवणाऱ्याकडे जाण्यापूर्वी त्यातील ऱ्हस्व-दीर्घ तपासणे हा शुद्धलेखनाचा पाठ आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटाचे लेबल त्याहून अवघड. त्यावर चौदा अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक लागतो, घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि आवश्यक तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी मजकूर त्याच्या जोडीने देता येतो. एकच माहिती दोन भाषांत, बोटभर जागेत, अर्थ न बदलता देणे हा भाषांतराचा उत्तम स्वाध्याय होय.

पत्रलेखनाच्या गृहपाठात विद्यार्थी बाजारातल्या मार्गदर्शकातून काल्पनिक पत्रे उतरवून देतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो. त्याच विद्यार्थ्याच्या खिशात थकलेल्या येण्याची चार खरी पत्रे न लिहिता पडलेली असतात. पुढील दोन मसुदे पाहा.

‘आपणाकडे रु. ४,२०० बाकी आहे. त्वरित भरावी.’

‘दिवाळीच्या फराळाचे रु. ४,२०० आपल्याकडून येणे आहे. या आठवड्यात सोय झाल्यास पुढच्या मालाची खरेदी मला वेळेवर करता येईल.’

पहिल्यात आज्ञार्थाच्या जवळ जाणारे विध्यर्थी रूप आहे आणि देणेकरी कोपऱ्यात सापडला आहे. दुसऱ्यात रक्कम तितकीच स्पष्ट आहे. पण ‘सोय झाल्यास’ या रचनेने त्याला मान राखून पैसे देण्याची वाट ठेवली आहे. ६.२ मध्ये ज्या कर्ताहीन रचनेवर आपण आक्षेप घेतला, तीच येथे सौजन्याचे साधन झाली आहे. रचना स्वतः चांगली किंवा वाईट नसते. ती कोणत्या प्रसंगी कोण वापरतो ते पाहावे लागते. असे पत्र लिहून, पाठवून, त्याचा परिणाम काय झाला याच्या दोन ओळींसह गृहपाठात दिले तर एकाच तासात दोन्ही खात्यांवर जमा होते.

उद्योग आणि मराठी लेखन यांच्या या नात्याचे एक मोठे उदाहरण आपल्याकडे आहे. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. आरंभी ते कारखान्याच्या वार्ता ग्राहकांपर्यंत नेणारे पत्र होते. पुढे त्याचे ‘किर्लोस्कर’ झाले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली आणि मराठी मध्यमवर्गाच्या वाचनावर या मासिकांचा दीर्घकाळ प्रभाव राहिला. नांगर विकणाऱ्या उद्योगाने हे केले.

६.६ दुसरा हात

त्याच घराण्याच्या आरंभीच्या काळातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, तेव्हाच बेळगावात सायकलींचा व्यवसाय उभा राहत होता. ते सायकली मुंबईहून पाठवत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. शिक्षकाची नोकरी आणि दुकान ही दोन्ही कामे एका माणसाने केली असे आपण सांगतो, पण बेळगावात दुसरा माणूस होता हे विसरतो.

विद्यार्थ्याला विचारावेसे वाटते : तुमच्या बेळगावात कोण आहे? परीक्षेच्या आठवड्यात दुकानाची किल्ली कुणाकडे असेल? भाऊ, नणंद, जुना कारागीर, शेजारचा दुकानदार, कुणीही चालेल. पण नाव आता ठरले पाहिजे, आणि त्या व्यक्तीला भावांची यादी, पुरवठादारांचे क्रमांक आणि उधारीची वही आठवडाभर आधी समजावून दिली पाहिजे. ही यादी मालकाच्या डोक्यातच असेल, तर तो परीक्षागृहातही दुकानातच असतो. स्त्री-विद्यार्थ्यांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दुकान सांभाळायला कुणी मिळाले तरी स्वयंपाकघर सांभाळायला कुणी मिळतेच असे नाही, आणि ‘तुझे दोन्ही हौसेचे’ या एका वाक्यात घर तिचा उद्योग आणि पदवी दोन्ही मोडीत काढते. वेळापत्रकात घरकामाचे तास न धरता आखलेला कोणताही हिशेब तिच्यासाठी खोटा आहे.

६.७ थांबावे की नाही

शिक्षण सोडून उद्योगात उतरलेल्यांच्या कथा आज फार सांगितल्या जातात. मायकेल डेल यांनी १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकत असतानाच संगणकांचा व्यवसाय सुरू केला आणि शिक्षण अर्धवट सोडले, ही त्यांतली एक. ती खरी आहे. परंतु ज्यांचा व्यवसायही बुडाला आणि पदवीही राहिली, त्यांची कथा कुणी छापत नाही. म्हणून या कथांवरून शक्यतेचा अंदाज बांधता येत नाही.

उलट बाजूची चूक मी स्वतः केली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका केंद्रावर मसाल्याचा व्यवसाय करणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिले होते आणि तिने नुकतेच दळण्याचे यंत्र घेतले होते. मी तिला ऐकवले, ‘एका वेळी एकच करा, दोन डगरींवर पाय ठेवू नका.’ म्हण तोंडात आली आणि मी ती वापरली. तिचे कर्ज किती, हंगाम कोणता, दोन विषयांना तास किती लागतील, यांतले काहीही मी विचारले नाही. तिने यंत्र निवडले. सात-आठ वर्षांनी बाजारात भेट झाली तेव्हा हाताखाली चार बायका होत्या. दोन विषय तसेच होते आणि नोंदणीची मुदत संपली होती. तिने तक्रार केली नाही. ‘सर, तुम्हीच म्हणाला होतात ना,’ एवढेच म्हणाली. ३० तासांचा श्रेयांक मांडून तो हिशेब तिच्यासमोर केला असता, तर दोन विषय मंदीच्या महिन्यांत बसले असते, असे मला आज वाटते.

थांबणे कधी योग्य असते? कर्जाचा पहिला हप्ता सुरू झाला आहे, घरात आजारपण आहे, किंवा सलग दोन महिने उधारीचे खाते फुगतच चालले आहे, अशा वेळी एक सत्र सोडणे हा रास्त निर्णय आहे. पण तो लेखी घ्या : कोणत्या तारखेपर्यंत थांबणार, नोंदणीची मुदत कधी संपते, मिळवलेले श्रेयांक कसे सुरक्षित राहतात. २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही श्रेयांकांची पेढी अस्तित्वात आहे. तुमचे खाते उघडले आहे का आणि त्यात काय जमा आहे, हे केंद्रावर तपासा. सत्र चालू असताना मनातल्या मनात सोडून देणे, परीक्षाअर्ज भरणे आणि परीक्षेला न जाणे, याला थांबणे म्हणत नाहीत. केंद्रशासनाच्या २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणातही विद्यार्थी-उद्योजकांना काही काळ खंड घेऊन परतण्याची मुभा द्यावी, असा विचार आहे. तेव्हा केंद्रावर ही विचारणा करताना संकोच बाळगू नका.

६.८ उपक्रम

चौदा दिवसांची अभ्यासाची रोजकीर्द ठेवा. प्रत्येक नोंद एका वाक्याची, ‘मी’ने सुरू होणारी असावी. व्यवसायाने घेतलेले तास उधारीच्या रकान्यात, कारणासह लिहा. शेवटी विषयवार खतावणी करून बेरीज मांडा. जोडीला तुमच्या व्यवसायातील प्रत्यक्ष वापरलेला एक मजकूर (लेबल, दरपत्रक, येण्याचे पत्र किंवा अनुपस्थितीचा संदेश) मूळ आणि सुधारित अशा दोन्ही रूपांत जोडा. वही पुढील संपर्कसत्रात समुपदेशकांना दाखवा. ज्या दिवशी काहीच वाचले नसेल त्या दिवसाची ओळ कोरी ठेवा. ती नंतर भरू नका.